आई-बाबांना घेऊन पहिल्यांदा युरोप: नागपूरहून निघताना तिकिटाच्या आधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरचं कुटुंब, नवरा-बायको दोघंही नोकरीत. सोबत बाबा, वय ६६, वीज खात्यातून रिटायर, पेन्शन आहे आणि काटोलकडे थोडी संत्र्याची बाग आहे. आई ६१ ची, तिला बीपी आणि शुगर, बाबांचे गुडघे दुखतात. मे महिन्यात १२ दिवस पॅरिस आणि स्वित्झर्लंड करायचं आहे, आई-बाबांचे पासपोर्ट अजून निघालेले नाहीत, आईचं नाव आधारवर एक आणि बँकेत दुसरं आहे. टूर कंपनीसोबत जावं की आपलं आपण, तिकिटं आता स्वस्त दिसून राहिली तर काढून टाकू का, आणि बाबांचा खास प्रश्न, तिकडे मित्राच्या मुलासाठी घरची संत्री नेता येतील का.

तिकिटं काढू नका भाऊ, हे सगळ्यात आधी. मी धरमपेठेत बसून २२ वर्षं हेच काम करून राहिले आणि दर वर्षी फेब्रुवारीत माझ्यासमोर कोणीतरी असं बसलेलं असतंच, ज्याच्या हातात चार नॉन-रिफंडेबल तिकिटं आहेत पण पासपोर्ट नाही, किंवा पासपोर्ट आहे पण तिकिटावरचं नाव वेगळं आहे. तिकीट स्वस्त दिसलं की माणसाला वाटतं अर्धी तयारी झाली. तयारी तुमच्या आईच्या नावापासून सुरू होते, आणि मी त्यावरच जरा जास्त बोलणार आहे कारण बाकीच्या गोष्टी चुकल्या तर पैसे जातात, इथे चुकलं तर सगळी ट्रिपच जाते.

आपल्याकडच्या ६० च्या पुढच्या बायकांच्या कागदांची कथा तुम्हाला माहीतच असेल. माहेरची कुसुम, सासरी आल्यावर तांदळात अंगठीने लिहिलं वैशाली, शाळेच्या दाखल्यावर कुसुम आणि वडिलांचं नाव, रेशन कार्डावर वैशाली आणि नवऱ्याचं नाव, बँकेत मधलं नावच नाही, आणि आधारवाल्याने स्पेलिंग त्याच्या मनाने टाकलेलं. चाळीस वर्षं याने कोणाचंच काही अडलं नाही, अडतं ते पासपोर्टला. तर चौघांचेही कागद एकदा टेबलवर मांडा आणि आईचं एकच नाव ठरवा, जे पुढे सगळीकडे राहील. फक्त आडनाव आणि मधलं नाव लग्नानंतर बदललं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र कामात येतं, जुन्या लग्नांची नोंदणी आताही करता येते. पण पहिलं नावच बदललं असेल तर प्रकरण मोठं असतं, राजपत्रात नोंद वगैरे लागू शकते, म्हणून मी अशा काकूंना सरळ सांगते की ज्या नावाचे जास्त कागद आहेत ते नाव पासपोर्टवर घ्या, भावना बाजूला ठेवा. आधी आधार दुरुस्त करा, मग पॅन, मग बँक, आणि त्यानंतरच पासपोर्टचा फॉर्म भरा. उलट केलं तर पासपोर्ट सेवा केंद्रात काउंटरवरून परत पाठवतात आणि नवी तारीख घेऊन पुन्हा जावं लागतं.

फॉर्ममध्ये एक बारीक गोष्ट. आपल्या नावाचे तीन तुकडे आणि पासपोर्टवर रकाने दोन, गिव्हन नेम आणि सरनेम. पहिलं आणि मधलं नाव मिळून गिव्हन नेम, आडनाव ते सरनेम. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. एकच नाव असलेल्या पासपोर्टला यूएईने २०२२ पासून टुरिस्ट म्हणून प्रवेश बंद केलेला आहे, आणि तुम्हाला तिकडे जायचं नसलं तरी पुढेमागे शारजामार्गे स्वस्त तिकीट मिळालं की आठवण येईलच. पुढे विमानाचं तिकीट काढताना पासपोर्टवर जसं आहे तसंच अक्षर न अक्षर टाकायचं, मधलं नाव पण टाकायचं, हे काम कोणाला फोनवर सांगून करू नका, पासपोर्टचा फोटो पाठवा.

फी साधी ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये, तत्काळला वरून २००० आणखी. तत्काळच्या भानगडीत पडायची गरज नाही, मे साठी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सुरुवात केली तर साध्यातच आरामात होतं. पोलीस व्हेरिफिकेशनच्या वेळी आई-बाबा गावी बागेत असतील आणि फ्लॅटला कुलूप असेल तर रिपोर्ट उलटा जातो, एवढं फक्त सांभाळा. तुमचे दोघांचे पासपोर्ट आहेत म्हणता, त्यांच्या तारखा पण बघा. शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड दोन्ही त्यातच येतात, त्याला पासपोर्ट मागच्या १० वर्षांतला लागतो, तिथून परत निघायच्या तारखेनंतर निदान ३ महिने चालणारा पाहिजे, आणि दोन पानं कोरी.

आता टूर कंपनी की आपलं आपण. मी स्वतः टूर विकते, तेव्हा माझं बोलणं त्या हिशोबाने घ्या. ग्रुप टूरचा फायदा खरा आहे, डोक्याला ताप नाही, जेवायला वरण-भात मिळतो, कोणी हरवलं तर शोधायला माणूस असतो. पण ग्रुपची बस सकाळी साडेसातला निघते, त्याआधी बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, एकेका ठिकाणी पाऊण तास, आणि बारा दिवसांत सहा-सात हॉटेलं. ज्याचे गुडघे दुखतात तो तिसऱ्या दिवशी बसमध्येच बसून राहतो, म्हणतो तुम्ही या जाऊन. मी हे इतक्यांदा बघितलं आहे की गुडघेवाल्या माणसाला मी आता ग्रुप टूर विकायचं टाळते, धंद्याच्या दृष्टीने मूर्खपणा असला तरी. तुम्ही दोघं तरुण सोबत आहात, फोन वापरता येतो, इंग्रजी येतं, तर व्हिसाची फाइल आणि विमान कोणाकडून करून घ्या वाटल्यास, बाकी आपलं आपण करा.

आणि हॉटेलं फक्त दोन. चार रात्री पॅरिस, सात रात्री स्वित्झर्लंडमध्ये एकाच गावी, लुत्सर्न किंवा इंटरलाकेन, रोज तिथून रेल्वेने जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. देश लहान आहे, गाड्या वेळेवर आहेत, बॅग रोज बांधायची-सोडायची नाही. पॅरिसला उतरा आणि झुरिकहून परत निघा, मधलं अंतर फास्ट ट्रेनने चार तासांच्या आसपास आहे, म्हणजे परत पॅरिसला यायचा एक दिवस वाचला. स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट मिळालं तर उत्तम, कारण चौथ्या दिवशी तुमच्या बाबांना तर्री-पोहे आठवणारच. साध्या हॉटेलच्या खोलीत मात्र शेगडी-बिगडी काढू नका, धुराचा अलार्म वाजला की भुर्दंड पडतो.

पॅरिसमध्ये एक गोष्ट लोक सांगत नाहीत, तिथली मेट्रो म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. जुनी मेट्रो आहे, बहुतेक स्टेशनांना लिफ्ट नाही, १४ नंबरची लाइन नवी असल्याने तिला आहेत. आपल्या मेट्रोत सरकत्या जिन्याने वर जायची सवय झालेल्यांना तिथे दम लागतो. बाबांसाठी बस वापरा, बसमधून गाव पण दिसतं. लूव्र मंगळवारी बंद असतं हे बघून दिवस लावा. आयफेल टॉवरची लिफ्टची तिकिटं ऑनलाइन साधारण ६० दिवस आधी उघडतात आणि मे महिन्यात पटापट जातात, पण नावावर व्हिसा नसताना काढायची की नाही हा तुमचा जुगार. मी तरी व्हिसा हातात येईपर्यंत थांबते.

स्वित्झर्लंडमध्ये सगळ्यांना युंगफ्राउयोखला जायचं असतं. ते ३४५४ मीटरवर आहे आणि आपलं नागपूर जेमतेम ३१० मीटरवर. तास-दोन तासांत माणूस तीन किलोमीटर वर जातो, डोकं जड होतं, चालताना धाप लागते, बीपीवाल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊ नये, आणि गेलं तरी वर पळापळ न करता हळू चालायचं. मला विचाराल तर आई-बाबांसाठी रिगी जास्त बरं, १७९८ मीटर, बोटीने जायचं मग दातेरी रेल्वेने वर, बसल्या बसल्या सगळं दिसतं. शिवाय स्विस ट्रॅव्हल पासमध्ये, म्हणजे तिथल्या रेल्वे-बस-बोटींना मिळून चालणाऱ्या पासमध्ये, रिगी पूर्ण येतं, युंगफ्राउयोखला मात्र पासवर फक्त सवलत असते, वरचे पैसे वेगळे, आणि ते पैसे बघून बाबा नको म्हणतील. मे मध्ये काही केबल कार देखभालीसाठी बंद असतात, तेव्हा ठरवण्याआधी त्या त्या डोंगराची वेबसाइट बघा, आणि वर जायच्या दिवशी सकाळी वेबकॅम बघा, ढग असतील तर पैसे देऊन पांढरा पडदा बघायचा आहे.

आता व्हिसा. सात रात्री स्वित्झर्लंड आणि चार रात्री फ्रान्स, म्हणजे अर्ज स्वित्झर्लंडकडे. ज्या देशात जास्त मुक्काम त्याच्याकडे, मुक्काम सारखा असेल तर आधी जिथे पाय ठेवाल त्याच्याकडे. पॅरिसला आधी उतरताय म्हणून फ्रान्सकडे टाकायचा नसतो. अमक्या देशाचा स्लॉट लवकर मिळतो म्हणून तिकडे टाका आणि फिरा कुठेही, हा सल्ला देणारे खूप भेटतील, कागदांवर मुक्काम एकीकडे आणि अर्ज दुसरीकडे दिसला की प्रश्न येतात. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, कमीत कमी १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत, कधी ४५ दिवसांपर्यंत लांबतो. फी मोठ्या माणसाला ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, ठसे दिले की ५९ महिने पुन्हा लागत नाहीत. आपल्याला त्यासाठी बहुतेक मुंबईच गाठावी लागते, तेव्हा चौघांची अपॉइंटमेंट एकाच दिवशी सकाळी घ्या, दुरांतोने रात्री बसा, काम करा, आणि जमलं तर त्याच रात्री परत. समृद्धीने गाडी काढून जाऊ म्हणाल तर ७०१ किलोमीटर आहे, गुडघेवाल्या माणसाला त्यात बसवू नका. मेच्या सुट्ट्यांसाठी मार्चमध्ये स्लॉट मिळेनासे होतात, म्हणून फाइल जानेवारीतच तयार पाहिजे. आणि फाइल दिली की पासपोर्ट त्यांच्याकडे जातो, मधल्या काळात दुसरी कुठली परदेशवारी ठेवू नका.

फाइल म्हणजे काय तर गोष्ट असते, आणि चौघांच्या कागदांनी एकच गोष्ट सांगितली पाहिजे. कोण जातंय, कोणाच्या पैशाने, कशासाठी, आणि परत का येणार. एवढंच. कव्हर लेटरमध्ये लिहिलं मुलगा खर्च करणार, आणि बाबांच्या फॉर्मवर टिक केली स्वतः खर्च करणार, तर गोष्ट तिथेच फाटली. तुमच्या केसमध्ये खर्च तुम्ही करा, तुमचं सॅलरी अकाउंट, आयकर रिटर्न, ऑफिसचं रजा मंजुरीचं पत्र, आणि आई-बाबांसाठी स्पॉन्सरशिप लेटर. पण बाबांना फाइलमध्ये बिचारे करू नका. त्यांचं पेन्शन आहे, पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, कॉपी आणि पेन्शन जमा होणारं बँक स्टेटमेंट लावा, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येणारी तीच रक्कम फाइलमध्ये फार बोलकी असते.

बागेचे कागद पण लावा. सातबारा आणि आठ-अ, इंग्रजीत भाषांतर करून. आपल्या विदर्भातल्या फाइली इथेच अडतात, कारण संत्र्याचे पैसे दर महिन्याला येत नाहीत. संत्र्याचे हंगाम दोन, आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तुटतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चकडे, आणि व्यापारी बाग एकदम घेतो तर खात्यात एकाच दिवशी मोठी रक्कम पडते. वरून बघणाऱ्याला वाटतं व्हिसासाठी पैसे भरले. त्याला काय माहीत मृग बहार म्हणजे काय. म्हणून व्यापाऱ्याची पावती किंवा बाजार समितीची पट्टी जोडायची आणि कव्हर लेटरमध्ये एक ओळ लिहायची की हे पीक वर्षातून असं विकलं जातं, मागच्या वर्षी याच महिन्यात एवढी रक्कम आली होती. मागच्या वर्षीची नोंद दाखवली की विषयच मिटतो. सातबारा भावाभावांत सामायिक असेल तर बाबांचा हिस्सा किती तेवढाच लिहा, अख्खी जमीन आपली दाखवू नका.

आणि खात्यात बाहेरून पैसे टाकू नका. एका घरी मुलाने प्रेमापोटी अर्जाच्या दहा दिवस आधी वडिलांच्या खात्यात चार लाख टाकले, फाइल मजबूत दिसावी म्हणून, मला न सांगता. रिजेक्ट. मुलाच्याच खात्यात राहिले असते तर काहीच झालं नसतं. नंतर पाच महिन्यांनी खरं खरं लिहून पुन्हा लावली तेव्हा मिळाला. रिजेक्शनची नोंद त्यांच्या सिस्टममध्ये ५ वर्षं राहते, तेव्हा पुढच्या अर्जात ते लपवायचं नसतं. बनावट तिकिटं, बनावट हॉटेल बुकिंग करून देणारे गल्लोगल्ली आहेत, त्यांच्या नादी लागू नका. रद्द करता येणारं हॉटेल बुकिंग आणि विमानाचं होल्ड केलेलं खरं रिझर्व्हेशन एवढ्यात काम भागतं.

इन्शुरन्स तर लागतोच, निदान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. पण व्हिसापुरता स्वस्तातला घेऊन मोकळे होऊ नका, आईसाठी तर नाहीच. बहुतेक साध्या पॉलिसी आधीपासूनच्या आजाराला हात लावत नाहीत, किंवा जिवावर बेतलं तरच देतात. प्रपोजल फॉर्मवर बीपी-शुगर खरं लिहा आणि प्री-एक्झिस्टिंग कव्हर असलेली पॉलिसी घ्या, चार पैसे जास्त जातील. तिकडे हॉस्पिटलमध्ये एक रात्र काढायचा खर्च ऐकला तर बीपी नसलेल्याचं पण वाढेल.

औषधं हातातल्या बॅगेत, सगळी, हे मी दहादा सांगते कारण मी स्वतः चुकले आहे. माझ्या आईला घेऊन गेले होते तेव्हा बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकल्या, बॅग आली दोन दिवसांनी, आणि तिकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय औषध दुकानदार देत नाही. वीस वर्षं लोकांना सल्ले देणारी बाई रात्री परक्या गावात फार्मसी शोधत फिरून राहिली. तर बारा दिवसांची अधिक पाच दिवसांची औषधं, मूळ पट्ट्यांमध्ये, डब्यात ओतून नाही, आणि डॉक्टरकडून इंग्रजीत छापील चिठ्ठी, ज्यात औषधाचं ब्रँडचं नाव नाही तर मूळ नाव असेल. इन्सुलिन असेल तर ते कधीच खालच्या बॅगेत नाही, गोठून खराब होऊ शकतं. बाबांसाठी व्हीलचेअर विमान कंपनीकडे निदान ४८ तास आधी सांगून ठेवा, पैसे लागत नाहीत. बाबा म्हणतील मी काय म्हातारा झालो का. त्यांना सांगा की व्हीलचेअरवाल्याची इमिग्रेशनची लाइन वेगळी आणि छोटी असते, मग ऐकतात.

चालायची सवय आतापासून. दिवसाला सात-आठ किलोमीटर सहज होतं तिकडे. आपलं गाव सपाट, चढ म्हणावा तर सेमिनरी हिल्सचा, तर आठवड्यातून तीनदा तिकडे जा, बूट तेच घालून जे तिकडे नेणार आहात. नवे कोरे बूट घालून विमानात बसणारा माणूस दुसऱ्या दिवशी बँड-एड शोधतो. स्वेटर-जॅकेट मात्र डिसेंबर-जानेवारीतच घेऊन ठेवा, तिबेटी स्वेटरवाले असतात तेव्हा. मे मध्ये ४५ डिग्रीत थर्मल मागायला गेलात तर दुकानदार तुमच्याकडे बघून हसेल, आणि तिकडे डोंगरावर त्याच दिवशी बर्फ पडून राहिला असेल.

विमानाचं नागपूरकरांचं गणित वेगळं आहे. इथून थेट परदेशी उड्डाणं मोजकीच, आखाताकडची, आणि वेळापत्रक सीझनप्रमाणे बदलतं. दोहामार्गे एका तिकिटावर पॅरिस मिळालं तर तेच घ्या, थोडं महाग पडलं तरी. नाहीतर दिल्ली किंवा मुंबईमार्गे, पण एकाच पीएनआरवर, म्हणजे सगळा प्रवास एकाच बुकिंगमध्ये. लोक काय करतात, नागपूर-मुंबई वेगळं स्वस्तातलं काढतात आणि मुंबई-पॅरिस वेगळं. पहिलं विमान तीन तास लेट झालं की दुसरं गेलं, आणि दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी काही देणंघेणं नाही, कारण त्यांच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. वेगळंच काढावं लागलं तर आदल्या दिवशी मुंबईला पोचा, नातेवाइकांकडे झोपा. लंडनमार्गे स्वस्त दिसलं तर थांबा, आपल्या पासपोर्टला तिथे नुसतं विमान बदलायला पण ट्रान्झिट व्हिसाची भानगड असते.

पैशाचं लवकर सांगते. फॉरेक्स कार्डवर, म्हणजे परदेशी चलन आधीच भरून न्यायच्या कार्डवर, युरो आणि स्विस फ्रँक दोन्ही भरा, स्वित्झर्लंडचं चलन वेगळं आहे हे अर्ध्या लोकांना तिथे गेल्यावर कळतं. हातात रोख माणशी शे-दीडशे युरो पुष्कळ. मशीनवर रुपयात पैसे द्यायचे का असं विचारलं तर नाही म्हणा, तिथलंच चलन निवडा, रुपयाचा रेट ते त्यांच्या मनाने लावतात. बँकेच्या अॅपमध्ये कार्डचा इंटरनॅशनल वापर इथूनच चालू करून जा. आयफेल टॉवरला २०२४ पासून यूपीआय चालतं, पण त्या भरवशावर पॅरिसला जाऊ नका. फोनचं ई-सिम युरोपचं घ्याल तर त्यात स्वित्झर्लंड आहे का ते वाचा, तो देश युरोपियन युनियनमध्ये नाही, काही पॅकमध्ये बाहेर राहतो. तुमचं इथलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, ओटीपी त्याच्यावरच येतात. चार्जरला दोन गोल पिनांचा बारीक प्लग दोन्ही देशांत चालतो, आपला तीन पिनांचा चालत नाही.

आई सोनं घालून निघणार असेल तर मंगळसूत्र ठीक, बाकी लॉकरमध्ये. पॅरिसच्या मेट्रोत आणि आयफेलच्या आजूबाजूला खिसेकापू फार, हातात सही करायचा कागद घेऊन कोणी आलं तर थांबायचंच नाही. पासपोर्ट बाबांच्या शर्टाच्या खिशात नको, पोटाला बांधायच्या पाउचमध्ये. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी कॉम्प्युटरवर नोंद करायची नवी पद्धत सुरू झाली आहे, पहिल्या एंट्रीला फोटो वगैरे घेतात, रांग हळू सरकते, म्हणून पॅरिसला उतरल्यावर लगेच दोन तासांनी कुठलं बुकिंग ठेवू नका. विचारलं तर चौघं एकत्र उभे राहा, हॉटेलचे कागद आणि परतीचं तिकीट प्रिंट करून हातात, फोनमध्ये नाही, फोनची बॅटरी नेमकी तिथेच संपते.

खाण्याचं सामान. चिवडा, खाकरा, पोह्याचं-उपम्याचं तयार मिक्स, सुक्या चटण्या, हे बिनधास्त न्या. पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत, लोणचं हातातल्या बॅगेत नाही, आणि सुकं खोबरं कुठल्याच बॅगेत नको, तेलकट असल्याने ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात आणि आपल्याच विमानतळावर काढून ठेवतात. सावजी मसाल्याचा डबा नेणारे असतात, त्यांना सांगते की त्यात खसखस असते आणि यूएईमध्ये खसखस म्हणजे अमली पदार्थाच्या यादीत, थट्टा नाही, लोक खरंच अडकले आहेत. शारजा-दुबईमार्गे जात असाल तर तो डबा घरीच राहू द्या. आणि दूध किंवा मांस असलेलं काहीच युरोपात नेता येत नाही, म्हणजे खवा, पनीर, तूप, पेढे आणि आपली संत्रा बर्फी पण नाही. मला माहीत आहे की नागपूरचा माणूस संत्रा बर्फीच्या डब्याशिवाय कोणाकडे जात नाही, पण त्या मित्राच्या मुलाला सोनपापडी-बिनपापडी पण तूप बघूनच न्या, सगळ्यात सोपा म्हणजे चिवडा.

राहिला बाबांचा प्रश्न. ताजी फळं युरोपियन युनियनमध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत, बागेतली असोत की बाजारातली. सूट फक्त पाच फळांना आहे, अननस, नारळ, केळी, खजूर आणि ते फणसासारखं दिसणारं, वास मारणारं ड्युरियन. संत्रं त्यात नाही. काटोलच्या माणसाला केळी चालतात पण संत्रं चालत नाही हे सांगायची माझी हिंमत नाही, तेवढं तुम्हीच सांगा.